वाडीचा पंचम

शिरोळ तालुक्याच्या नकाशाकडे पाहिले की जमीन थोडी आणि पाणीच फार, असा भास होतो. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या चार नद्यांचा या एवढ्याशा तालुक्याशी घरोबा आहे. घरोबा म्हटले, कारण त्या नुसत्या शेजारून जात नाहीत. मनात आले की घरातही येतात. त्यांतली पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते, तिथे नृसिंहवाडी आहे. सरकारी कागदावर नृसिंहवाडी, लोकांच्या तोंडी नरसोबाची वाडी, आणि त्या मुलखात नुसते ‘वाडी’ म्हटले तरी पुरते.

मिरजेहून कोल्हापूरकडे निघालेली आगगाडी कृष्णेचा पूल ओलांडून जयसिंगपूरला थांबते. शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या नावाने वसवलेले हे गाव. तिथे एस.टी. धरावी, शिरोळ मागे टाकावे, दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्येच वांग्यांची शेते पाहत जावे. कृष्णाकाठच्या वांग्याची कीर्ती मी सांगायला नको. वाडीच्या स्टँडवर उतरले की पहिले स्वागत देवाकडून नव्हे, पेढेवाल्यांकडून होते. पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी यांच्या दुकानांमधून जाणारी ती वाट चालताना मनुष्य भक्तिमार्गाला लागला आहे की खाद्यमार्गाला, हे त्याचे त्यालाच कळत नाही.

मग एकदम पायऱ्या उतरू लागतात, आणि खाली नदीला अगदी चिकटून देऊळ दिसते. या देवळाला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने आपल्या मुलीला दृष्टी आली म्हणून ते बांधून दिले, असे सांगतात. आत मूर्तीही नाही. औदुंबराखाली नृसिंह सरस्वतींच्या पादुका आहेत. त्यांना मनोहर पादुका म्हणतात. स्वामींनी इथे बारा वर्षे वास केला असे परंपरा मानते. समोर पैलतीरी अमरेश्वराचे देऊळ. गुरुचरित्रात गरीब ब्राह्मणाच्या दारातला घेवड्याचा वेल स्वामींनी उपटला आणि खाली द्रव्याचा घडा निघाला, ती कथा त्या पैलतीरावरची. संध्याकाळी घाटावर बसून करुणात्रिपदीचे सूर ऐकावेत, नदीवरून वारा यावा, आणि आपण आस्तिक की नास्तिक हा प्रश्न उद्यावर टाकावा, अशी ती जागा आहे.

देवळात मूर्ती नसली तरी बाहेरच्या दुकानांत दत्त आहेच. तीन शिरे, सहा हात, मागे गाय आणि पायांशी चार कुत्रे. हे चार कुत्रे म्हणजे चार वेद, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यांतला ऋग्वेद कोणता आणि सामवेद कोणता, असे मी एकदा तिथल्या एका पुजाऱ्यांना विचारले होते. ते क्षणभर विचार करून म्हणाले, “जो रात्री सर्वांत जास्त गळा काढतो, तो सामवेद समजा.”

तसबिरीतले कुत्रे असे वेदांच्या पदवीला पोचलेले. पण घाटावरचे कुत्रे? वाडीला कुत्री पुष्कळ. पायऱ्यांवर पसरलेली, पेढ्यांचे रिकामे पुडे चाटणारी, नैवेद्याची वेळ पुजाऱ्यांपेक्षा अचूक ओळखणारी. त्यांना दिवसभर जो मंत्र ऐकू येतो तो एकच: “हाड!” माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा आहे, म्हणून हा विचार मला अधिक येतो. आपल्या भाषेने कुत्र्याची जेवढी अप्रतिष्ठा केली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या प्राण्याची केली असेल. कोणाचे दैन्य सांगायचे तर कुत्रे हाल खात नाही. कोणाला शाप द्यायचा तर तो कुत्र्याच्या मौतीने मरो. स्वभाव बदलत नाही म्हणायचे तर कुत्र्याचे शेपूट नळीत घालायचे. पावसाळ्यात उकिरड्यावर काही उगवले तर त्या छत्र्याही बिचाऱ्या कुत्र्याच्याच. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे एक नामदेवच. बाकीचे आपण सगळे त्याच्यामागे धावतो ते काठी घेऊन. देवाच्या पायाशी जागा आणि माणसाच्या तोंडी शिवी, अशी या प्राण्याची आपल्याकडे गमतीची वाटणी झाली आहे.

या दोहोंच्या मध्ये खरा कुत्रा कुठे बसतो, हे मला २००५ साली कळले. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. एम.ए. नुकतेच झाले होते आणि जवळच्याच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी भोगले नाही त्यांना सांगून समजायचे नाही. वाडीला एका गल्लीत आक्कांच्या घरी पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. आक्का साठी ओलांडलेल्या, एकट्या. यात्रेकरूंना जेवण घालून घर चालवीत. सोवळे कडक. चहाचा माझा कप वेगळ्या फळीवर. मला ‘मास्तर’ आणि ‘तुम्ही’ म्हणत.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीस पावसाने जे मांडले, ते सर्वांना आठवत असेल. २६ जुलैला मुंबई बुडाली. आमच्याकडे कृष्णा चढू लागली. वाडीत पुराची भीती चटकन वाटत नाही. लोक सकाळी उठून ‘किती पायऱ्या राहिल्या?’ एवढेच विचारतात. कारण वाडीला पूर हा एक उत्सवही आहे. पाणी चढत देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या दाराशी स्नान करणे पुण्याचे मानतात, आणि बातमी कळताच सांगली-कोल्हापूरहून माणसे धावत येतात. उत्सवमूर्ती तेवढ्यात वर नारायणस्वामींच्या देवळात हलवलेली असते. नदी स्वतः देवाच्या पायांवर लोटांगण घालायला येते, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याला मी कवी म्हणेन.

दक्षिणद्वाराच्या त्या दिवशी मीही घाटावर होतो. गर्दी खूप होती. घाटाच्या भिंतीतल्या एका कोनाड्यात एक करडी कुत्री व्यायली होती. तिची पाच पिल्ले मी महिनाभर जाता-येता पाहत होतो. पाणी कोनाड्याच्या खाली दोन हातांवर आले होते, आणि ती एकेका पिल्लाची मानगूट तोंडात धरून वर गल्लीकडे नेत होती. एक नेले, दुसरे नेले. माणसांच्या पायांतून, ओल्या धोतरांतून वाट काढत तिने चार नेली. पाचव्यासाठी ती उतरली तेव्हा स्नानाला येणाऱ्यांची रांग त्याच पायऱ्यांवर आली होती. सोवळ्यातल्या माणसाला ओले कुत्रे शिवणे म्हणजे काय ते मी समजू शकतो. “हाड, हाड” झाले, कोणी पंचा फटकारला, कोणी पाणी उडवले. ती दोनदा खाली आली, दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा आलीच नाही.

कोनाड्यात ते पिल्लू भिंतीला चिकटून बसले होते. ओरडतही नव्हते. ओरडले असते तर कदाचित दुसऱ्या कोणी तरी उचलले असते, आणि हा लेख दुसऱ्या कोणी तरी लिहिला असता. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, ते शबनम पिशवीत घातले आणि वर आलो. माझा विचार साधा होता: आईला शोधायचे आणि मुद्देमाल तिच्या स्वाधीन करायचा. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. करडी कुत्री दिसली नाही. मघाचे पुजारी वाटेत भेटले. पिशवीत डोकावून म्हणाले, “चार वेद वर गेले म्हणता? मग हा पंचम वेद. महाभारत! सांभाळा.”

त्याचे नाव असे पडले. घरी आल्यावर आक्कांनी दारातच हात आडवा केला. “दत्ताची कुत्री दत्ताच्या पायाशी शोभतात, मास्तर. माझ्या घरात नाही.” मी म्हटले, “एक रात्र, आक्का. उद्या आई सापडेल.” त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. खोलीत खोक्यात जुना सदरा टाकून मी त्याला ठेवले, निम्मे पाणी घातलेले दूध बोटाने चाटवले. पंचम हे भारदस्त नाव आक्कांच्या जिभेवर बसेना. त्या ‘पंच्या’ म्हणू लागल्या. शेजारच्या घरी “आमचा पंच्या कुठे दिसला का?” असे विचारल्यावर त्यांनी दोरीवरचा वाळत घातलेला पंचा आणून दिला होता, ही गोष्ट पुढची.

चौथ्या दिवशी पाणी गल्लीत आले. देवळाचा माथाही आता दिसत नव्हता. वाडीतल्या लोकांना पाण्याची लाज नसते, पण या खेपेस म्हातारी माणसेही बोलेनाशी झाली. होडी दाराशी आली. आक्कांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गुरुचरित्राची पोथी, धाबळी आणि एक पत्र्याची ट्रंक घेतली. मी प्रमाणपत्रांची फाइल आणि ती पिशवी. नावाडी तात्या ओळखीचे. पिशवी हलली तसे त्यांनी विचारले,

“सर, पिशवीत काय हाय?”

“पिल्लू आहे, तात्या.”

होडीत अकरा माणसे होती आणि आणखी दोन घरे घ्यायची होती. मागून कोणी तरी म्हणाले, “इथं मानसास्नी जागा न्हाई.” ते खोटे नव्हते. मी काय उत्तर देणार? तात्यांनी वल्हे दाबले, पिशवीकडे पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “मांडीवर घ्या. मानसाची जागा जात न्हाई त्येच्यानं.”

पुढचे नऊ दिवस आम्ही एका शाळेच्या वर्गात काढले. वर्गात पस्तीस-चाळीस माणसे. फळ्यावर पंधरा दिवसांपूर्वीचा सुविचार तसाच. दूध सकाळी लहान मुलांना मोजून मिळे. पंचमचे नाव त्या यादीत येण्याचे कारणच नव्हते. आमच्या शेजारी नदीकाठच्या एका खेड्यातले म्हातारे शेतकरी जोडपे होते. त्यांनी निघताना गोठ्यातल्या दोन्ही म्हशींची दावी कापून दिली होती. काठचे लोक असेच करतात. बांधलेले जनावर बुडणारच. मोकळे सोडले तर पोहून कुठे तरी लागते. लागते म्हणजे कधी लागते. ते म्हातारबा दिवसभर दाराशी बसून रस्त्याकडे पाहत. एका सकाळी त्यांनी आपला चहा न पिता तो बशीत ओतला, त्यात पाव कुस्करला आणि बशी माझ्या पिशवीपुढे सरकवली. मी नको नको म्हणालो. ते म्हणाले, “खाऊ द्या. कुनीतरी समोर खाताना दिसाय पायजे.” त्यांच्या म्हशींचे काय झाले ते मला कळले नाही, आम्ही निघालो तेव्हा ते दाराशीच बसले होते.

पाचव्या की सहाव्या रात्री गारठा फार होता. पहाटे मला आक्कांच्या आवाजाने जाग आली. “ऊठ. हे तुझं कार्टं बघ कुठे निजलंय ते.” पंचम त्यांच्या धाबळीत शिरून पोटाशी मुटकुळे करून झोपला होता. सोवळ्याची धाबळी! मी त्याला ओढायला गेलो तर त्यांनी हात धरला. “आता असू दे. विटाळायचं ते विटाळलं. निदान एक तरी झोपू दे.” त्या दिवसापासून मी ‘तू’ झालो, तो आजपर्यंत.

पूर ओसरल्यावरचे वाडीचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पुराचा चिखल उपसला आहे त्यांच्या नाकात तो वास अजून असेल. आक्कांच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ उमटली होती. आम्ही खराटे घेऊन आठ दिवस घर धुतले, आणि मग आक्कांनी राज्यघटना जाहीर केली: कुत्र्याने पुढच्या खोलीत राहावे, अंगणात हिंडावे, पण माजघराचा उंबरा ओलांडू नये. पंचमने ती अक्षरशः पाळली. तो उंबऱ्यावर हनुवटी टेकून माजघराकडे तोंड करून पडे. बाकीचा सारा कुत्रा अलीकडे. दात येऊ लागले तेव्हा त्याने त्या चौकटीचा डावा कोपरा कुरतडून गोल केला. कायद्याच्या कक्षेत राहून एवढाच निषेध त्याला शक्य होता.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेऊन त्याला सुया टोचून आणल्या. सुटीच्या दिवशी सायकलच्या पुढच्या टोपलीत बसवून कुरुंदवाडवरून खिद्रापूरला गेलो. तिथले कोपेश्वराचे देऊळ ज्यांनी पाहिले नाही त्यांनी वाडीला जाऊन पेढे घेऊन परत फिरू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. शिलाहारांच्या काळातले ते काम. स्वर्गमंडपाला वर छत नाही, वाटोळे आकाश आहे. खाली तेवढीच वाटोळी शिळा. शंकर आहे पण समोर नंदी नाही. तो नदीपलीकडे येडूरला आहे, असे म्हणतात. पंचम त्या शिळेच्या मधोमध जाऊन बसला आणि वर पाहू लागला. रखवालदाराने “हाड” म्हटले नाही. “बसू दे,” म्हणाला, “वाहन नाहीच आहे इथं.”

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या गर्दीत मला ती करडी कुत्री दिसली. एकटीच होती. पंचम आता तिच्या खांद्याला लागत होता. मी श्वास रोखून उभा राहिलो. तिने त्याला हुंगले, तो शेपूट हलवीत पुढे झाला तशी ती गुरगुरली आणि पेढ्याच्या दुकानामागे निघून गेली. नाटककाराने हा प्रवेश निराळा लिहिला असता.

२००६च्या जूनमध्ये मला पुण्याच्या एका महाविद्यालयात कायमची जागा मिळाली. पंचम वाडीला आक्कांजवळ राहील, असे मी मनाशी धरून चाललो होतो. नदी, घाट, अंगण. त्याला शहरात काय मिळणार? आक्कांना हे सांगितले तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “मी आता किती दिवसांची? माझ्यामागे तो घाटावरचा होईल. घाटावरच्यांना ‘हाड’ कळतं, म्हणून ती जगतात. याला तू ते शिकवलंच नाहीस.” मग थोड्या वेळाने: “आणि पाणी दर साली येतं. मला उचलतील. त्याला कोण उचलेल?”

जयसिंगपूरहून वांगी घेऊन पुण्याला जाणाऱ्या एका टेंपोत आम्ही दोघे रात्री बसलो. पंचम रात्रभर पाट्यांवर उभा राहून मागे जाणारा रस्ता पाहत होता. पुण्यात जागा शोधताना मला कळले की ब्रह्मचारी हा एक दोष, तासिकांवरून नुकताच वर आलेला प्राध्यापक हा दुसरा, आणि कुत्रा हा तिसरा. पहिले दोन माफ होतात. सतरा घरे पाहिली. अखेर गावाबाहेर, जिथे तेव्हा रस्ता संपत होता, तिथे एका निवृत्त पोस्टमास्तरांनी खोली दिली. त्यांची अट एकच: कुत्र्याने पोस्टमनवर भुंकू नये.

पुढे तो बारा वर्षे माझ्याजवळ होता. आमच्या घरातली माणसे वाढली, त्या सर्वांना त्याने सांभाळून घेतले. त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे विशेष काही घडले नाही, आणि याबद्दल मी देवाचा ऋणी आहे. फक्त दर पावसाळ्यात, पहिली मोठी सर आली की, तो घरातल्या चपला एकेक करून तोंडात धरी आणि पलंगावर नेऊन ठेवी. कुत्र्याला एवढ्या लहानपणचे स्मरते की नाही हे शास्त्रज्ञ जाणोत. मी त्या चपला खाली काढून ठेवीत नसे. सर थांबेपर्यंत आम्ही सारे अनवाणी असू. २०१८च्या हिवाळ्यात तो गेला.

पुढच्याच वर्षी, २०१९च्या ऑगस्टमध्ये, कृष्णा-पंचगंगेने २००५लाही मागे टाकले. पाणी उतरल्यावर विद्यार्थ्यांबरोबर धान्य आणि चटया घेऊन मी वाडीला गेलो. आक्कांना पुतण्याने आधीच इचलकरंजीला नेले होते. ऐंशीच्या घरात आलेल्या त्या बाई आम्ही पोचलो त्याच दिवशी हट्टाने परत आल्या होत्या आणि खुर्चीवर बसून पोरांना खराटा कसा धरावा ते सांगत होत्या. जुनी रेघ छातीशी होती. नवी माझ्या डोक्यावर हातभर. माजघराची चौकट फुगून वाकली होती, आणि सुतार माप घेऊन उभा होता.

“सगळीच बदलावी लागेल, आक्का,” तो म्हणाला.

“वरची बदल,” आक्का म्हणाल्या. “उजवी बदल. ही डावी राहू दे.”

“ही तर कुत्र्यानं खाल्लेली आहे.”

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून विचारले, “चहा घेतलास का?”